नोकरी गेल्याचे गुपित कोणाचे?

आमच्या उमरग्याची जागा मोठी मोक्याची आहे. पुणे–सोलापूर–हैदराबाद हा हमरस्ता गावाला लागूनच जातो. त्या रस्त्याने पश्चिमेस निघालेला मुलगा पुण्यास पोहोचतो, पूर्वेस निघालेला हैदराबादेस. त्यामुळे ज्या घरातील एखादा मुलगा, सून, जावई किंवा पुतणी या दोहोंपैकी एका शहरी संगणकाच्या कंपनीत नाही, असे सुशिक्षित घर आता गावात शोधावे लागते. ओसरीवर बसलेल्या वडीलमंडळींना त्या मुलांचे काम नेमके काय असते हे सांगता येत नाही. परंतु पगार किती आणि तो कोणत्या तारखेस जमा होतो, हे मात्र घरातील सर्वांस तोंडपाठ असते.

या नव्या नोकऱ्यांच्या मागोमाग एक नवा कागदही आला आहे. नोकरी लागताना मिळणाऱ्या कागदाचे पेढे वाटले जातात. नोकरी जाताना पुढे केला जाणारा कागद मात्र कोणास दाखविता येत नाही, कारण दाखवू नये असे त्यातच लिहिलेले असते. 'आपण स्वखुशीने राजीनामा देत आहात. कंपनी आपणांस अमुक इतकी जादा रक्कम देईल. या कराराचा मजकूर व आपल्या जाण्याचे कारण आपण कोणासही सांगणार नाही' अशा अर्थाची ती कलमे असतात. मालकाने नोकरास कामावरून कमी करावे, आणि ती गोष्ट गुप्त ठेवण्याची अटही त्याच्याच गळ्यात बांधावी, हे न्यायाचे आहे काय? कायद्यास ते मान्य आहे काय? या प्रश्नाचा विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'गोपनीय' आणि 'गुप्त' हे दोन्ही शब्द संस्कृतातील 'गुप्' या धातूपासून आले आहेत. त्या धातूचा मूळचा अर्थ लपविणे असा नसून रक्षण करणे असा आहे. जे मोलाचे, ते राखावयाचे. आणि राखावयाचे म्हणून झाकावयाचे, असा हा अर्थाचा क्रम आहे. तेव्हा कोणी एखादी गोष्ट गोपनीय ठेवण्यास सांगितले, तर प्रश्न एकच विचारावा : या झाकण्याने रक्षण कोणाचे होते?

या कसोटीला मालकाची काही गुपिते पूर्णपणे उतरतात. यासंबंधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी १९६७ मधील गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा निर्णय प्रसिद्ध आहे. कल्याण येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्याने टायरला लागणाऱ्या धाग्याची कृती परदेशी कंपन्यांकडून मिळविली होती, आणि ती गुप्त राखण्याचे वचन त्यांस दिले होते. कारखान्यात शिकून तयार झालेला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. करार पाच वर्षांचा आहे, त्या मुदतीत दुसरीकडे तेच काम करता येणार नाही व शिकलेले गुपित उघड करता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. हा निकाल आम्हांस योग्यच वाटतो. कृती, आराखडे, ग्राहकांच्या याद्या, संगणकाच्या आज्ञावली या वस्तू कंपनीच्या परिश्रमाने व पैशाने झालेल्या असतात. नोकरी सुटली म्हणून त्या वाटेल तेथे नेण्याचा हक्क कोणास प्राप्त होत नाही.

परंतु 'मला कामावरून काढले' ही गोष्ट कोणत्या कारखान्याची कृती आहे? ती कंपनीने परिश्रमाने संपादिलेली विद्या नव्हे. ती त्या माणसाच्या आयुष्यात घडलेली घटना आहे. धाग्याच्या कृतीचा धनी मालक. स्वतःच्या सुखदुःखाचा धनी ज्याचा तो. हा भेद एकदा मनात पक्का बसला की पुढील सर्व गुंता आपोआप उकलू लागतो.

कायद्याचा इतिहासही याच बाजूने बोलतो. येथे दोन शब्दांचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. ज्याला आज सर्रास 'ले-ऑफ' म्हणतात त्याचा कायद्यातील अर्थ निराळा आहे. कच्चा माल, कोळसा किंवा वीज यांच्या तुटवड्यामुळे काही काळ काम देता येत नाही, परंतु नोकरी शाबूत राहते, तो ले-ऑफ. नोकरीच संपते ती कामगार-कपात. या कपातीचे नियम औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात १९५३ साली घालण्यात आले : एक महिन्याची लेखी व सकारण नोटीस किंवा तितका पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई, आणि सरकारास सूचना. सामान्यतः जो शेवटी आला त्यास प्रथम कमी करावे, आणि पुढे भरती निघाल्यास कमी केलेल्यांस प्रथम संधी द्यावी, हेही त्यात होते. केंद्र सरकारच्या १९५७ च्या नियमांतील ७७ वा नियम तर याहून बोलका होता. ज्या वर्गातून कपात करावयाची त्या वर्गातील सर्व कामगारांची ज्येष्ठतेनुसार यादी करून ती कपातीपूर्वी निदान सात दिवस कारखान्यात ठळक जागी फलकावर लावावी, असे त्याने मालकास बजावले होते.

वाचक हो, याचा अर्थ लक्षात घ्या. कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीने कपात ही फलकावर लावण्याची गोष्ट होती, पाकिटात घालून कुलूपबंद करण्याची नव्हे. आणि ते योग्यच होते. यादी उघड असेल तरच कोणाला डावलले, कोणाला वाचविले, हे कळणार. कमी केलेल्यांची नावे कोणास ठाऊकच नसतील, तर नवी भरती निघाल्यावर 'प्रथम आमचा हक्क' असे कोण आणि कोणाच्या पुराव्याने म्हणणार? ज्या हक्कांचा जीव प्रसिद्धीत आहे, ते गुप्ततेने न बोलता मारता येतात.

गिरण्यांच्या काळी हे सहज घडत असे. आमच्या भागातील माणसे पोटासाठी सोलापूरच्या गिरण्यांत जात, काही मुंबईपर्यंत पोहोचत. भोंगा वाजला नाही की सबंध वस्तीस कळे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांनी संप केला, आणि पुढे हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. ते दुःख अपार होते, परंतु ते उघड्यावरचे होते. चाळीतील शेजारणीने पिठाची वाटी पुढे करावी, गावाकडून भावाने ज्वारीचे पोते धाडावे, इतका आधार तरी त्यातून निर्माण होई. आजच्या कंपनीचा भोंगा नाही आणि फाटकही नाही. एका बंद खोलीत दहा मिनिटे बोलणे होते, ओळखपत्र काढून घेतले जाते, आणि शेजारच्या खुर्चीवरील माणसासही दुसऱ्या दिवशी ती खुर्ची रिकामी दिसते तेव्हाच कळते.

हे आम्ही केवळ तर्काने लिहीत नाही. जुलै २०१७ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्र कंपनीतील एका संभाषणाचे ध्वनिमुद्रण देशभर ऐकले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्यावा, असे एका कर्मचाऱ्यास त्यात सांगण्यात येत होते. ते प्रसिद्ध होताच कंपनीने क्षमा मागितली; समूहाचे प्रमुख आनंद महिंद्र यांनी स्वतः जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी क्षमा मागितली हे त्यांस भूषणावहच होय. परंतु तो कर्मचारी गप्प बसला असता तर ती क्षमा कोणी आणि कोणाजवळ मागितली असती?

दुसरे उदाहरण अगदी आपल्या प्रश्नावरचेच आहे. १९८१ साली जिचा जन्म पुण्यात झाला त्या इन्फोसिस कंपनीने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी म्हैसूर येथील आपल्या संकुलातून शेकडो प्रशिक्षणार्थींस कमी केले. कंपनीने हा आकडा तीनशेंच्या वर असल्याचे सांगितले. पुण्यातील 'नाइट्स' या संगणक-कर्मचाऱ्यांच्या संघटनेने तो सातशेंच्या घरात असल्याचे म्हटले. त्या मुलांकडून दबावाने गोपनीयतेच्या कागदांवर सह्या घेतल्या, असाही संघटनेचा आरोप होता. कंपनीने धाकदपटशाचा आरोप नाकारला. परीक्षेसाठी तीन संधी दिल्या जातात व ही अट नेमणुकीच्या वेळीच सर्वांस ठाऊक असते, असे तिचे म्हणणे होते. केंद्रीय कामगार मंत्रालयाने कर्नाटकाच्या कामगार खात्यास या प्रकरणी लक्ष घालण्यास कळविले. खरेखोटे ठरविण्याचे आसन आमचे नव्हे. परंतु तीनशे की सातशे, इतक्या साध्या आकड्याविषयीही दोन पक्षांचे मत जुळू नये, यावरून झाकलेल्या कपातीत सत्याची वाट किती अडते ते दिसते. त्याच वर्षी जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने सुमारे बारा हजार, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, लोक कमी करणार असल्याचे स्वतः जाहीर केले. निर्णय कितीही कटू असो, तो उघड सांगता येतो व तसा सांगितल्याने कंपनी बुडत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. मालक गुप्ततेची विनंती करू शकतो काय? करू शकतो. विनंती करण्यास कोणताही कायदा आड येत नाही. कायद्याने देणे असलेल्या रकमेहून खरोखर अधिक काही देऊन त्या बदल्यात 'रक्कम किती मिळाली हे सांगू नका' असे वचन त्याने मागितले, आणि नोकराने समजून-उमजून ते दिले, तर ते वचन सामान्यतः बंधनकारक ठरू शकते. कंपनीने जाहीर न केलेली पुढची योजना बाहेर फोडू नये, ही अपेक्षाही रास्त आहे. परंतु या वचनाला चार बाजूंनी कुंपण आहे, आणि ते भारतीय करार कायदा, १८७२ याने घातलेले आहे.

पहिले असे की, कायद्याचा हेतू विफल करणारा किंवा लोकहिताच्या धोरणाविरुद्ध असलेला करार २३ व्या कलमान्वये निरर्थक ठरतो. कपातीची सूचना सरकारास देण्याचे बंधन मालकावर असता, 'सरकारी अधिकाऱ्यास काही सांगणार नाही' असे वचन नोकराकडून घेणे हे याच सदरात मोडेल. दुसरे असे की, न्यायालयात जाण्याचा हक्क सर्वस्वी काढून घेणारा करार २८ व्या कलमान्वये व्यर्थ आहे. तिसरे असे की, धाक घालून किंवा आपल्या वरचढ स्थितीचा गैरफायदा घेऊन मिळविलेली संमती पुढे रद्द करविता येते. दोन पक्षांचे बळ अत्यंत विषम असता दुर्बळावर लादलेली अन्याय्य अट न्यायालय उचलून धरणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सांगितले. तो खटला एका सरकारी मंडळाविरुद्धचा होता हेही येथे नमूद केले पाहिजे. चौथे, आणि व्यवहारात सर्वांत महत्त्वाचे : जे कायद्याने देणेच आहे ते देण्याच्या मोबदल्यात नवे वचन मागता येत नाही. उरलेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, हक्काची ग्रॅच्युइटी आणि कपातीची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नव्हे. 'सही करा, नाहीतर तुमचा पगार अडकेल' असे कोणी म्हणत असेल, तर तो आपल्याच पैशाने आपले तोंड बंद करीत आहे, हे ओळखावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. महिन्याची नोटीस, वर्षास पंधरा दिवसांची भरपाई, सरकारास सूचना, शेवटी आलेला प्रथम जाणे आणि नव्या भरतीत प्रथम संधी, ही मुख्य तत्त्वे तिच्यातही कायम आहेत. शिवाय पुनर्प्रशिक्षणाच्या निधीतून आणखी पंधरा दिवसांचे वेतन देण्याची तरतूद आहे. ज्या कारखान्यांत, खाणींत किंवा मळ्यांत तीनशे वा अधिक कामगार आहेत, तेथे कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा शंभरांची होती. वेतन संहितेप्रमाणे, कामावरून कमी केल्यावर किंवा राजीनाम्यानंतर थकलेले वेतन कामाच्या दोन दिवसांच्या आत दिले पाहिजे.

हिशेब ढोबळमानाने असा : दरमहा तीस हजार वेतनावर सहा वर्षे पूर्ण काम केलेल्या मनुष्यास वर्षास पंधरा हजार याप्रमाणे नव्वद हजार भरपाई, नोटीस दिली नसल्यास तीस हजार, आणि निधीतून पंधरा हजार. ही एक लक्ष पस्तीस हजारांची रक्कम गुपितावाचूनच त्याची आहे. यापुढे जे मिळेल तेवढीच त्या गुपिताची किंमत. मात्र हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांस आहे. ज्यांचे काम मुख्यतः व्यवस्थापनाचे आहे, किंवा जे पर्यवेक्षक असून महिना अठरा हजारांहून अधिक वेतन घेतात, ते त्यातून वगळलेले आहेत. नियमानुसार उमेदवारी करणारे शिकाऊही वगळलेले आहेत. परंतु नावापुढे 'मॅनेजर' लिहिले म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही. काम प्रत्यक्ष कोणते करतो हे न्यायालय पाहते. दुसरा धोका स्वखुशीच्या राजीनाम्याचा. राजीनामा दिला की ती कपात उरत नाही आणि कपातीचे हक्क हातचे जातात. म्हणून सही करण्यापूर्वी तो कागद घरी आणावा, एक रात्र उशाशी ठेवावा आणि जाणत्या वकिलास दाखवावा.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांस तेथील रीत ठाऊक असणे बरे. तेथे १९८८ च्या कायद्याने सामान्यतः शंभर वा अधिक नोकर असलेल्या मालकास मोठ्या कपातीची साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि अनेक राज्यांची सरकारे त्या नोटिशा प्रसिद्ध करतात. चाळिशी ओलांडलेल्या नोकराकडून वयासंबंधीचे हक्क सोडविणारी सही घ्यावयाची तर एकवीस दिवस, आणि समूहाने कपात असल्यास पंचेचाळीस दिवस विचारास दिले पाहिजेत. सही केल्यावरही सात दिवस ती मागे घेता येते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने मिशिगनमधील एका रुग्णालयाच्या प्रकरणात, कमी केलेल्या अकरा जणांपुढे सरसकट गुप्ततेचा करार नुसता ठेवणे हेही बेकायदेशीर ठरविले. या निर्णयाच्या व्याप्तीविषयी पुढे तेथे वाद झाला; तथापि प्रश्न तेथेही हाच आहे, हे ध्यानात यावे.

येथवर मालकाविषयी झाले. आता घराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने असा कागद सही केला. 'कोणासही सांगणार नाही' हे शब्द त्याने अक्षरशः घेतले. तीन महिने तो रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडे आणि पुण्यातील एका वाचनालयात बसून अर्ज लिही. पत्नीस सांगितले नाही, आईवडिलांस सांगितले नाही. इकडे थोरल्या चुलत्यांनी त्याच्या पगाराच्या भरवशावर घर बांधण्याचे कर्ज काढण्याचे ठरविले, आणि सहकर्जदार म्हणून सही करण्यास त्यास बोलाविले. तेव्हा त्याच्या हातातील लेखणी थांबली. एक गुपित राखण्यासाठी बँकेपुढे असत्य लिहावे लागणार होते. त्याने माजघरात सर्व सांगितले. घरातील एका वकील आप्तांनी कागद वाचला आणि हसून म्हणाले, "अरे, यात घरच्यांना, वकिलाला आणि करसल्लागाराला सांगण्याची मुभा मागच्या पानावर लिहिलेली आहे. तू ते पान उलटलेच नाहीस!" बांधकाम वर्षभर पुढे गेले, घर मोडले नाही.

तीन महिने त्याला कोणी गप्प बसविले होते? कागदाने थोडे, बाकीचे आपण. 'अमक्याच्या मुलाला काढून टाकले म्हणे' हे वाक्य आपण देवळाच्या पायरीवर ज्या स्वरात उच्चारतो, तो स्वर त्याच्या कानात होता. 'गुप्' या धातूपासूनच 'जुगुप्सा' हा शब्दही झाला आहे, हे संस्कृत शिकलेल्या वाचकांस ठाऊक असेल. आपत्ती लपविण्याची सवय लागली की हळूहळू आपत्तीत सापडलेल्या माणसाचीच किळस वाटू लागते. हजारो माणसे एका दिवसात कमी होतात तेव्हा त्यात एकेकाचा दोष तो किती? तरीही आपण वर्तमानपत्रातील बारा हजारांविषयी हळहळतो आणि घरातील एकाकडे संशयाने पाहतो.

एकत्र कुटुंबाचे जे गुण आपण अभिमानाने सांगतो त्यांची परीक्षा येथेच आहे. एकाचा पगार थांबला तर चार हातांनी तो महिना निभावणे, हे ज्या घरास साधत नाही त्याने एकत्र राहून काय मिळविले? म्हणून वडीलधाऱ्यांस आमची सूचना आहे की, परगावच्या मुलास 'पगार झाला का?' असे विचारण्याऐवजी अधूनमधून 'काम कसे चालले आहे?' असे विचारावे, आणि वाईट बातमी आली तर पहिला प्रश्न 'का काढले?' हा नसावा, 'जेवलास का?' हा असावा. घरातील लग्न ठरत असेल, कर्ज निघत असेल, तर त्या प्रसंगी खरे सांगण्याची वाट मोकळी ठेवावी. सोयरिकीत झाकलेली नोकरी पुढे उघडी पडते तेव्हा नुकसान पगाराचे होत नाही, विश्वासाचे होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याची नोकरी गेली त्याला ती गोष्ट चारचौघांत सांगावीशी वाटत नसेल, तर तोही त्याचा हक्कच आहे. नव्या जागेची बोलणी चालू असता कित्येकांस मौन सोयीचे असते. त्याच्या पाठीमागे गावभर वार्ता नेणारे आप्त हे मालकाहून बरे नव्हेत. आपली गोष्ट सांगावी की न सांगावी, केव्हा आणि कोणास सांगावी, हे ज्याचे त्याने ठरवावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

कारखान्याचे गुपित प्रामाणिकपणे राखा; ती नोकराची नीती आहे. मिळालेल्या जादा रकमेचा आकडा सांगू नये असे वचन दिले असेल, तर तेही पाळा. परंतु अन्याय झाला असे वाटल्यास कामगार आयुक्तांच्या कचेरीत जाण्यास, वकिलास कागद दाखविण्यास, आणि घरी येऊन 'माझी नोकरी गेली' हे तीन शब्द आईजवळ उच्चारण्यास कोणत्याही मालकाची परवानगी लागत नाही.